पावडरीचा माग

आजीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते: पावडरीच्या आधीचा आणि पावडरीच्या नंतरचा. थोरल्या आत्याचं लग्न पावडरीच्या आधी झालं. विहिरीवर इंजिन बसलं ते पावडरीच्या नंतर. आणि माझे मधले काका चार वर्षांचे होऊन गेले, ते पावडरीच्या अगदी तोंडावर. "एक वरीस आधी आली असती तर..." एवढं बोलून ती पुन्हा सुपातले खडे वेचायला लागे.

पावडर म्हणजे डीडीटी. कृष्णाकाठच्या आमच्या गावात तिला दुसरं नाव कुणी दिलं नाही. पुढे शेतात आणखी पावडरी आल्या तेव्हा लोक तिला 'मलेरियाची पावडर' म्हणू लागले, पण आजीच्या लेखी पावडर ती एकच.

तिच्या आधीचं गाव आजीच्याच तोंडून ऐकावं. पाऊस ओसरला, ओढ्यात डबकी उरली, शाळूची पेरणी जवळ आली की ताप यायचा. दिवसाआड यायचा आणि ठरल्या वेळेला यायचा. "दुपारच्याला हुडहुडी भरायची. चार वाकळा घातल्या तरी दात वाजत्यात. मग अंगाचा इस्तू व्हायचा. घाम फुटला की माणूस उठून वैरण टाकाय जायचं, आन् परवा पुन्हा तीच येळ." पोरांची पोटं पुढे यायची आणि डाव्या कुशीत पानथरी हाताला टणक लागायची. त्यावर गावात डागणी देत. मधल्या काकांनाही दिली होती. इंग्रजांच्या अमदानीत पोस्टात कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, पुड्या विकत मिळत. पण ते इतकं कडू की पोरं गुळाच्या खड्यासकट थुंकून टाकत, आणि मोठी माणसं ताप उतरला की उरलेली पुडी पुढच्या वर्षासाठी फळीवर ठेवत. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, दुखणं वेगळं होतं. "पेरणीच्या टायमाला घरात सा माणसं, आन् कुरीवर उभं राहाय एक." ताप असा माणसाच्या अंगातून रानात उतरायचा.

आमच्याच गावाचं हे नशीब नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि त्यांतले आठ लाख दगावतात, असा सरकारी अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ पासून नियंत्रणाच्या जागी निर्मूलनाची भाषा आली, आणि १९६५ पर्यंत देशभरातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. आजीला हे आकडे कुणी सांगितले नव्हते. तिला एवढंच माहीत होतं, की पावडरीनंतर झालेल्या तिच्या दोन्ही मुलांच्या पोटाला डाग नाही.

ही पावडर घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसांत आमचे तात्या होते. आबांचे धाकटे भाऊ. मलेरिया खात्यात हंगामी फवारणीवाले. पण सांगताना 'हंगामी' हा शब्द ते गाळत आणि 'खात्यात' यावर जोर देत. सुरुवातीची पावडर अमेरिकेहून पुठ्ठ्याच्या गोल डब्यांतून यायची, आणि डब्यावर हातात हात दिल्याचं चित्र असायचं, असं ते सांगत. रिकामा डबा मिळावा म्हणून बायका आधीच सांगून ठेवत. कुणी त्यात डाळ भरली, कुणी सांडगे. पुढे दिल्लीत सरकारी कारखाना निघाला आणि देशी पावडर आली.

कामाचं वर्णन करताना तात्या उभे राहत. बादलीत पितळी पंप. एक जण पायाने पंप दाबून धरून दांडा मारणार, दुसरा लांब नळीने भिंत भिजवणार. पट्टा पट्ट्यावर चढता कामा नये आणि मधे कोरी जागा राहता कामा नये. वाळल्यावर भिंतीवर पांढुरकी खर दिसायची. हिशेब चौरस मीटरला एक ग्रॅमचा. म्हणजे आमच्या घराला सगळी मिळून शे-दीडशे ग्रॅम. एवढ्याशानं काय होणार, असं लहानपणी मी विचारलं की तात्या म्हणत, "आगं, डासाला काय मण लागतोय?"

डासाची मादी रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर टेकते आणि तास न् तास तिथेच बसून राहते. पावडरीवर तिचे पाय टेकले, की डीडीटी तिच्या अंगात शिरून मज्जातंतूंतल्या सोडियमच्या दारांना बंद होऊ देत नाही. संदेश थांबायचं नाव घेत नाहीत आणि ती आचके देत मरते. हे साधायचं तर भिंतीवरचं विष महिनोन् महिने तसंच राहायला हवं. उन्हाने मोडायला नको, दमट हवेत विरघळायला नको, वाऱ्याने चटकन उडायला नको. डीडीटी प्रथम तयार केली ओथमार झायडलर याने १८७४ साली, पण तिचा उपयोग कुणाला कळला नव्हता. तो कळला १९३९ साली, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या गायगी कंपनीत काम करणाऱ्या पाउल म्युलर यांना. ते शोधतच होते असं काहीतरी, जे नुसत्या स्पर्शाने किडा मारील, स्वस्त असेल आणि पुष्कळ काळ टिकेल. १९४८ साली त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. या टिकाऊपणासाठीच डीडीटी निवडली गेली, हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

आजी आणि तात्या यांचं भांडण मात्र सारवणावरून. फवारणी होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच दसरा यायचा, आणि दसऱ्याला भिंती पोतेऱ्याने न सारवलेलं घर म्हणजे गावात शोभा. तात्या हात जोडायचे, "वैनी, दिवाळीपातूर तरी दम धरा." आजी ऐकायची नाही. शेणामातीचा हात फिरला की पावडर आत आणि डास बाहेर. शिवाय मातीची भिंत स्वतःच पावडर पोटात ओढून घेते. गिलाव्याच्या किंवा लाकडाच्या पृष्ठभागावर विष जितकं वर राहतं तितकं मातीवर राहत नाही, हे साहेब लोकांनी तात्यांना सांगितलं होतं. पण वाड्यांचं गाव आणि मातीच्या भिंतींचं गाव यांना पावडर सारखीच मोजून मिळायची.

आजीचंही पावडरीशी सगळं गोड नव्हतं. पहिल्या वर्षी घरातले ढेकूण साफ गेले, म्हणून तिने तात्यांना पुरणपोळी जेवू घातली. त्याच महिन्यात मांजर कापत कापत मेलं. मांजर अंग चाटतं, आणि पावडर अंगाला लागलेली. दोन-तीन वर्षांनी ढेकूण परत आले आणि पावडरीला भीक घालेनात. मग बायका दारातूनच फवारणीवाल्यांना परत पाठवू लागल्या. ज्या किड्यासाठी पावडर आली होती तो दिसत नव्हता, आणि दिसत होता तो तिने मरत नव्हता.

पुढे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. कोयनेच्या भूकंपाने आमच्या जुन्या घराची पाठची भिंत आणि माजघर बसलं. माणसं बचावली. नवं घर विटांचं झालं, आणि पडलेल्या भिंतींची माती आबांनी गाड्या भरून मळ्यात टाकली. ही रीत जुनीच. माणसाजनावरांच्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या मुरलेली पांढरी माती पिकाला लागू पडते, हे आपल्याकडे कुणब्याला शिकवावं लागत नाही. त्या वर्षी त्या तुकड्यात वांगी अशी आली, की आबा ती पावण्यांना दाखवायला नेत.

मी कोल्हापूरला रसायनशास्त्र शिकले आणि माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, तोवर तात्या थकले होते. सुट्टीत घरी गेले की ते मला गाठायचे आणि विचारायचे, "आमी एवढी पावडर मारली. ती गेली कुठं?" त्यांना वाटे, शिकलेल्या माणसाला हे एका वाक्यात सांगता यावं.

एका वाक्यात सांगता येत नाही, कारण विषाविषाची वाट वेगळी असते. ती ठरते मुख्यतः चार गोष्टींनी: ते पाण्यात किती विरघळतं, चरबीत किती विरघळतं, मातीच्या कणांना किती घट्ट धरतं आणि किती सहज हवेत उडतं. पाचवी गोष्ट म्हणजे ते किती दिवसांत मोडतं आणि मोडल्यावर त्याचं काय होतं.

डीडीटीला पाणी आवडत नाही. एक लिटर पाण्यात ग्रॅमचे काही दशलक्षांशच विरघळतात. उलट, चरबीसारख्या तेलकट द्रवात आणि पाण्यात ती एकत्र घुसळली, तर पाण्यापेक्षा तेलकट भागात ती दहा लाख पटींहून जास्त जाते. म्हणून मळ्यात पडलेल्या भिंतीच्या मातीतून ती पावसाबरोबर विहिरीत उतरली नसणार. ती मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याला, सेंद्रिय भागाला, धरून बसली असणार. जिथे माती तिथे ती. वळवाच्या पावसाने बांध फोडून माती नेली तर तिच्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत, आणि गाळ खाणाऱ्या किड्यामुंग्यांतून मासळीत. थंड देशांच्या मातीत तिची निम्मी मात्रा संपायला दोन ते पंधरा वर्षं लागतात. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर कमी होते, पण त्यातला बराच भाग मोडून नव्हे तर उडून जातो. आणि मोडते तेव्हाही डीडीई नावाचं दुसरं रूप घेते, जे मूळ पावडरीपेक्षाही चिवट असतं. चरबीचं वेड दोघांचं सारखंच.

तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे आबांच्या वांग्यात आली म्हण की." मी सांगितलं, वांग्यात फार नसेल. झाडं मुळावाटे ती थोडीच घेतात. म्हशीत बघायला हवं.

म्हशीकडे जाण्याआधी आबांच्या शेतावर जावं लागेल, कारण म्हशीपर्यंत पोचलेलं विष फक्त मलेरियाचं नव्हतं.

साठीच्या दशकात शेतात 'दहा टक्के पावडर' आली. डबा, पोतं, दुकानदार, सगळे तिला याच नावाने ओळखायचे. कुणी गॅमेक्झिन म्हणायचं. ती बीएचसी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत एचसीएच. तिला कुबट वास यायचा, आणि दुपारी पत्रा तापला की आमच्या कोठीच्या खोलीतून तो वास ओसरीपर्यंत यायचा. मला तो अजून ओळखता येतो. ज्वारीवर, भाजीवर, उसाच्या लागणीत आबा फडक्याच्या पुरचुंडीने धुरळणी करायचे. हात साध्या पाण्याने धुवायचे आणि भाकरीला बसायचे. कणगीत ज्वारी भरताना तळाला आणि वर मूठ-मूठ पावडर पडायची. दळायच्या आधी दाणे पाखडले की झालं.

त्याच काळात फॉलिडॉल आलं. म्हणजे पॅराथिऑन. आबा त्याला हात लावताना देवाचं नाव घेत. बाटली गोठ्याच्या आढ्याला बांधलेली, पोरांना तिकडे बघायचीसुद्धा बंदी. पंचक्रोशीत सासुरवास सोसवेना झालेल्या, कर्जात बुडालेल्या माणसांनी ती तोंडाला लावल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात होत्या. ही भीती खोटी नव्हती. १९५८ साली केरळात आगबोटीतून आलेल्या अन्नधान्यावर फॉलिडॉल सांडलं आणि शंभरहून अधिक माणसं त्या अन्नाने मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पॅराथिऑन मज्जातंतूंतलं एक जीवनावश्यक विकर बंद पाडतं, आणि माणूस काही तासांत जातो. पण तेच पॅराथिऑन शेतात पडलं की ऊन, पाणी आणि मातीतले जिवाणू त्याला काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतात.

इथेच मला आबांच्या पिढीचा, आणि त्यांना पावडर विकणाऱ्या नि शिफारस करणाऱ्या शहाण्यांचाही, हिशेब चुकलेला दिसतो. विषाची भीती त्यांनी त्याच्या घाईवरून ठरवली. तासाभरात मारणारी बाटली आढ्याला बांधली. कुणालाच न मारणारी पावडर कणगीत घातली. डोळ्यांदेखत काही झालं नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरली. कणगीतल्या त्या पावडरीत खरा किडा मारणारा अंश, म्हणजे गॅमा रूप, शंभरात दहा-पंधरा भागच होता. उरलेली अल्फा, बीटा वगैरे रूपं किडा फारसा मारत नव्हती, नुसती टिकत होती. म्हणजे आबा एक किलो कामाच्या विषासाठी सहा ते नऊ किलो बिनकामाचं विष रानात टाकत होते, आणि पैसे सगळ्याचे मोजत होते.

आता म्हैस. म्हशीला कडबा, हिरवी वैरण, सरकीची पेंड. त्यातला जो काही अंश पोटात गेला तो चरबीत साठला, आणि चरबीला शरीराबाहेर पडायला सोपी वाट एकच, दूध. दुधातही पावडर पाण्याबरोबर राहत नाही, स्निग्धांशाबरोबर जाते. विरजण लावून घुसळलं की लोण्याबरोबर वर येते, आणि लोणी कढवलं की तुपात. आजी ताक शेजारीपाजारी वाटायची. ज्याच्या घरी दुभतं नाही त्याने आमच्याकडून तांब्या भरून न्यायचा, ही गावची रीत. तूप मात्र जावयासाठी, बाळंतिणीसाठी, शाळेत जाणाऱ्या थोरल्या नातवासाठी. ज्यांना आम्ही फक्त ताक दिलं त्यांच्या वाट्याला पावडर कमी आली. ज्यांना मायेने तूप वाढलं त्यांच्या वाट्याला जास्त. आजीला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

ही केवळ आमच्या गोठ्यातली शंका नव्हती. १९९३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा अहवाल आला. बारा राज्यांतले दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश सापडले, आणि ३७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं महाराष्ट्रात: ७४ टक्के. एचसीएचचे अंशही सुमारे ८५ टक्के नमुन्यांत होते. माझ्या वरिष्ठांनी तो अहवाल टेबलावर ठेवला तेव्हा खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आपापल्या घरचा चहा आला असणार.

आईच्या दुधाचंही तेच. चरबीत साठलेलं हे विष बाईच्या अंगातून अंगावर पाजताना उतरतं, म्हणून पहिल्या बाळाच्या वाट्याला साधारणपणे जास्त येतं आणि पुढच्यांच्या वाट्याला कमी कमी. असं असूनही डॉक्टर आईचंच दूध पाजायला सांगतात, कारण त्याने वाचणारे जीव फार जास्त आहेत. पण आईच्या शरीराला या विषाची पेढी कुणी आणि का व्हायला लावलं, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

अन्नसाखळीत वर चढताना डीडीटीचे अंश कसे फुगतात याचं जुनं उदाहरण शाळेच्या पुस्तकातही असतं. पाण्यात अब्जांशाचा हजारावा भाग धरला तर असे तीन भाग. तेच पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत दशलक्षात ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत ऐंशी लाख पटींहून जास्त. पाणी तपासून 'स्वच्छ' असा शिक्का मारणाऱ्याच्या हाताला यातलं काहीच लागत नाही.

याच्या अगदी उलट वाट आबांच्या विहिरीत दिसली. सत्तरीच्या दशकात युरिया आला, ऊस वाढला, आणि पोत्यांची संख्या हा शेतकऱ्याचा मान झाला. युरियाचा मातीत आधी अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. आपल्या काळ्या मातीचे चिकण कण ऋणभारित असतात. धनभारित अमोनियमला ते धरून ठेवतात, पण नायट्रेटही ऋणभारित, म्हणून त्याला जवळ येऊ देत नाहीत. पीक जेवढं घेईल तेवढं घेतं, उरलेलं पाटाच्या पाण्याबरोबर सरळ खाली. शिवाय काळी उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या पाण्याला त्या भेगांतून विहिरीची वाट आयती मिळते. आबांच्या विहिरीचं पाणी नितळ होतं, तळाचा दगड दिसावा इतकं. तपासलं तेव्हा नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेलं. हे पाणी पावडर-दुधात कालवून तान्ह्या बाळाला पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं. आजी अशा पाण्याला उकळी आणून निर्धास्त व्हायची. उकळीने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. गढूळ पाण्यात डीडीटी आणि नितळ पाण्यात नायट्रेट, अशी ही उलटी तऱ्हा.

उरली हवा. तापल्या पत्र्याखालून येणारा तो कुबट वास म्हणजे पावडर हवेत चढत होती. उष्ण प्रदेशात असे पदार्थ उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंडी लागली की उतरतात, ऊन लागलं की पुन्हा उडतात. टप्प्याटप्प्याने त्यांचा शेवटचा मुक्काम पडतो ध्रुवांकडे, जिथून पुन्हा उडायला ऊब नाही. १९६० च्या दशकातच अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या अंगात डीडीटी सापडली होती. तिथे ना डास, ना शेती. आर्क्टिकच्या हवेत एचसीएचचं अल्फा रूप वर्षानुवर्षं मोजलं गेलं आहे. ते दोन पायऱ्यांनी खाली आलेलं दिसतं. पहिली पायरी चीनने १९८३ साली वापर थांबवल्यानंतरची. दुसरी १९९० च्या सुमारास भारताने आणि सोव्हिएत संघाने वापर आवरल्यानंतरची. भारतात एचसीएचवर पूर्ण बंदी १९९७ साली आली. म्हणजे आमच्या कोठीच्या खोलीतला वास कमी झाला, तो उत्तर ध्रुवाकडच्या यंत्रांनीही नोंदवला.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं चार दिशांना फुटतं. आणि ते ऐकून तात्या खिन्न झाले. आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान धरला ते काम पाप ठरलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांना सावरलं ते आजीने, आणि तिने मांडलेला हिशेब मला आजवर कुठल्या परिसंवादात इतका स्वच्छ ऐकायला मिळाला नाही. ती म्हणाली, "भावजी, तुमी भिताडाला मारली ती माज्या लेकरांसाटनं. ह्यांनी कणगीत घातली ती कशापायी?"

आकडे तिच्या बाजूने आहेत. फवारणीत आमच्या घराला फेरीमागे शे-दीडशे ग्रॅम डीडीटी लागत होती, तीही भिंतीवर, जिथे डास बसतो नेमकी तिथे. दहा टक्के पावडर हेक्टरी वीस-पंचवीस किलो पडायची, म्हणजे दोन ते अडीच किलो एचसीएच एका धुरळणीत, उघड्या रानावर. शेतातल्या या भडिमाराने किड्यांबरोबर डासही विषाला सरावत गेले. डीडीटीला दाद न देणारे डास तर याही आधी, पन्नासचं दशक संपता संपताच सापडू लागले होते. १९७६ साली देशात हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. निधी आटणं, फवारणी ढिली पडणं, शहरं वाढणं, अशी कारणं अनेक. पण भिंतीवर उपयोगी पडलं असतं ते हत्यार शेतात बोथट झालं, हेही त्यांतलं एक. भारताने १९८९ साली शेतीसाठी डीडीटीवर बंदी घातली आणि ती आरोग्याच्या कामापुरती ठेवली. २००१ चा स्टॉकहोम करार, जो भारताने २००६ साली मान्य केला, तोही रोग पसरवणाऱ्या किड्यांविरुद्धच्या वापरापुरती सूट देतो. आजीने चुलीपुढे बसून ओढलेली रेघ ती हीच.

घाईवरून भीती ठरवण्याची खोड मात्र कायद्यातही शिरली आहे. आपल्या कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो रंग ठरतो तोंडावाटे किंवा कातडीवाटे किती मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात यावर. या मापाने पॅराथिऑन लाल, आणि डीडीटी त्याच्या एक पायरी खाली, पिवळी. माप खोटं नाही. फवारणाऱ्या मजुराचा जीव त्यावर अवलंबून आहे. पण आबा आज असते आणि दुकानात उभे राहून त्यांनी तो त्रिकोण पाहिला असता, तर त्यांना एवढंच कळलं असतं की कुठली बाटली आढ्याला बांधायची. कणगीत काय घालू नये, हे कळलं नसतं. त्यासाठी डब्यावर आणखी चार ओळी हव्यात, आणि दुकानदाराला वाचून दाखवता येतील अशा मराठीत हव्यात: हे मातीत किती दिवस राहतं, विहिरीत उतरतं का, दुधात येतं का, आणि मोडल्यावर काय होतं. तात्यांचा प्रश्न इतकाच होता. तो विष विकण्याआधी विचारायचा असतो.